वारा कुठून होता?

काळ्या अस्वलाचा फोटो काढणं म्हणजे काळोखात काजळ शोधणं. समोरचं जग सरासरीने करडं असतं, अशी कॅमेऱ्याची पक्की समजूत असते. त्यामुळे सावलीतलं काळंभोर अस्वल तो राखाडी करून टाकतो आणि मागची पानं पांढरीफटक. उजेड मुद्दाम कमी घेतला तर अस्वल काळं येतं खरं, पण डोळे त्या काळ्यात बुडून जातात, आणि डोळे नसलेल्या अस्वलाचा फोटो कुणी छापत नाही. मग अस्वलाने मान वर करावी, आकाशाचा एक ठिपका त्याच्या डोळ्यात पडावा आणि नेमका त्या घडीला वारा आपल्याकडून त्याच्याकडे जात नसावा, एवढीच आशा धरून बसायचं. हे सगळं एकदम जुळून यायला उन्हाळाच्या उन्हाळा जातो. काहींचा असा उन्हाळा फुकट घालवायचा जीव होत नाही. गोष्ट त्यांतल्याच एकाची आहे.

गोष्टीतली माणसं रचलेली आहेत. जंगल, कायदे, मध्येच येणारा व्हिन्स नावाचा लाकूडतोड्या आणि शेवटी येणारी छप्पन नंबरची मादी मात्र खरी.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला मार्सेल नावाचं एक छोटं गाव आहे. चिपेवा राष्ट्रीय वनाचा हा भाग. जिकडे बघावं तिकडे तळी, दलदली, ॲस्पन आणि बर्चची रानं, मध्येच पाइनचा एखादा उंच पट्टा. राज्याच्या वन्यजीव खात्याचे संशोधक 1981 पासून इथल्या अस्वलांना रेडिओ कॉलर घालून त्यांच्या मागे फिरत आलेत, त्यामुळे अस्वल हा इथे गावगप्पांचा विषय. कुणाच्या अंगणातल्या पक्ष्यांच्या दाण्यांवर कोण आलं, कुणाच्या मधमाश्यांच्या पेट्या कुणी उलथल्या, हे दुकानात रांगेत उभं राहिलं तरी कळतं.

मिनियापोलिसचा एक तरुण छायाचित्रकार जूनमध्ये इथे आला आणि ऑगस्टअखेरपर्यंत एक लाकडी घर भाड्याने घेऊन राहिला. हातात लांब नळीची उत्तम लेन्स, डोक्यात एकच फोटो: जंगलातलं काळं अस्वल, समोरून, डोळ्यांत उजेड असलेलं. शेजारी एक म्हातारा राहायचा. जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. त्याच्या मागच्या रानात, जंगली हेझलच्या झुडपांच्या कडेला, जुन्या फळ्यांचं एक लपण होतं. दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढं. हिवाळ्याची लाकडं फोडून देण्याच्या बोलीवर म्हाताऱ्याने तरुणाला त्यात बसायची परवानगी दिली.

म्हाताऱ्याचे नियम तिथल्या थंडीसारखे होते, त्यात तडजोड नव्हती. उजाडायच्या आधी आत जायचं. साबण, अत्तर, कॉफी काही नको. खायला काही आणायचं नाही, खिशात च्युइंगगमसुद्धा नाही. लपणाच्या खिडकीला त्याने लोकरीचा एक धागा बांधून ठेवला होता. तो धागा झुडपांकडे उडू लागला की कॅमेरा आवरायचा आणि घरी जायचं; मग समोर काही दिसत असो वा नसो. अस्वलाचं नाक असं, की त्याच्याशी माणसाने पैज लावू नये. लपणाच्या फळ्या डोळ्यांपासून लपवतात, नाकापासून काहीच लपवत नाहीत.

म्हाताऱ्याचे फोटो वाईट होते, हे सांगायलाच हवं. नाहीतर असा एकनिष्ठ माणूस कलावंतही असणार, असं उगाच वाटतं. त्याचा एक खणच्या खण अस्वलांच्या पाठींनी, बुडांनी आणि अर्ध्या कानांनी भरलेला होता. प्रत्येक फोटोच्या मागे मात्र पेन्सिलने लिहिलेलं असायचं: वारा कुठला, अस्वल काय खात होतं, कुठून आलं, कुठे गेलं. तरुण ते फोटो भराभर उलटायचा आणि मागचं वाचायचा नाही.

जुलैत ब्लूबेरीचा हंगाम. पण त्या वर्षी फुलोऱ्याच्या वेळी कडाका पडला होता आणि झुडपं रिकामी होती. हेझललाही बेताचीच फळं. अस्वलं लांबलांब फिरत होती, कुजके ओंडके उलटून मुंग्यांची अंडी आणि कोष चाटत होती. डास आणि माश्यांनी तरुणाचे कान सुजले. सकाळच्या सकाळ जायच्या आणि समोर एखादी खार नाचून जायची, एवढंच.

एकदा मात्र दोन पिल्लांची आई आली. तरुणाने नळी हळूच वळवली. तेवढ्या हालचालीने तिने मान वर केली, फुस्स करून श्वास सोडला, जबडा कटकट वाजवला आणि पिल्लं सरसर पाइनवर चढली. झाडाच्या बुंध्याशी आई, वर दोन काळे गोळे आणि बाजूने येणारं कोवळं ऊन. यासाठीच तर तरुण आला होता. तेवढ्यात म्हाताऱ्याने हात पुढे करून खिडकीची झडप लावून टाकली.

ती पिल्लांना घेऊन निघून गेल्यावर तरुण चिडला. "झालं असतं काय? ती काही लपणावर धावून येणार नव्हती."

"नसती आली," म्हातारा म्हणाला. "पण इथे माणूस आहे हे तिला कळलं होतं. माणूस दिसला की निघून जायचं, हे पिल्लं आज तिच्याकडून शिकली. आपण त्यात मध्ये कशाला यायचं?"

पुढे जुलैच्या शेवटी एक मोठा नर आला. काही अस्वलांच्या छातीवर असते तशी पांढऱ्या केसांची ठसठशीत पाचर त्याच्या छातीवर होती, आणि डाव्या कानाला एक खाच. झुडपांच्या पलीकडे पन्नासेक पावलांवर तो थांबला. नाक वर केलं. मग समोर फळं दिसत असूनही आत न येता त्याने सबंध मोकळवनाला वळसा घातला, लपणाच्या वाऱ्याखाली, म्हणजे लपणावरून येणारा वारा नाकाला लागेल अशा जागी आला, क्षणभर उभा राहिला आणि आल्या वाटेने परत गेला. तरुणाला पाठ मिळाली. म्हातारा खुशीत होता. "पूर्ण वळसा घातला. पाहिलंस?" हे तो दिवसभर म्हणत राहिला.

तरुणाने पाहिलं होतं. त्याला त्यात खूश होण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

ऑगस्ट लागला. तरुणाने ग्रँड रॅपिड्सच्या एका दुकानातून कापडी लपण आणलं. शिकारी वापरतात तेच, पानांच्या छापाचं, घडी उलगडली की पाच मिनिटांत उभं राहणारं. ते त्याने भाड्याच्या जागेच्या दुसऱ्या टोकाला ठोकलं, समोर सोयीच्या अंतरावर एक शेवाळलेला ओंडका ठेवला आणि त्याच्या मागे, फोटोत दिसणार नाही अशा खळग्यात, बेकरीतले शिळे डोनट आणि काकवीत कालवलेले ओट्स ओतले. ओंडका अशा जागी होता की त्यावर पुढचे पाय टेकवून अस्वलाने मान वर केली, की आकाश थेट डोळ्यांत.

हे काही तिकडचंच खूळ आहे असं मराठी वाचकाने समजू नये. हंपीला गेलेल्यांपैकी अनेकांनी जवळचं दरोजीचं अस्वल अभयारण्य पाहिलं असेल. तिथे खडकांवर गुळाचं मिश्रण फासत आलेत, आणि संध्याकाळी आपली भारतीय अस्वलं ते चाटायला उतरतात. लोक समोरच्या मनोऱ्यावरून पाहतात. ते योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल. पण तिथे अस्वलाच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे. मिनेसोटात तशी बंदी नाही. तिथे अस्वलाच्या शिकारीचा हंगाम 1 सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो, आणि परवानाधारक शिकाऱ्यांना त्याआधी, ऑगस्टच्या मध्यापासून, रानात आमिष ठेवायला कायद्याने मुभा आहे. आमिष कसलं? शिळे केक, डोनट, काकवी, ओट्स.

तरुणाला हे माहीत होतं. खाऊ घातलेलं अस्वल मेलंच समजा, अशा अर्थाचं घोषवाक्य अमेरिकेतल्या जंगलांमध्ये जागोजागी पाट्यांवर असतं, तेही त्याला पाठ होतं. पण त्याच्याकडे एक युक्तिवाद होता आणि तो तसा टाकाऊ नव्हता. यंदा रानात फळं नाहीत. हिवाळ्यात हे प्राणी जवळजवळ सहा महिने बिळात अन्नपाण्यावाचून काढतात. त्याआधी चरबी साठवायला त्यांना दिवसाला वीस हजार कॅलरींपर्यंत खावं लागतं. आपण दोन घास दिले तर उपकारच की.

पहिल्या काही रात्री खळगा रिकामा होत गेला, दिसलं कुणीच नाही. मग एका संध्याकाळी झुडपं हलली आणि पांढऱ्या पाचरेचा नर आला. आधी दूर उभा राहिला, पूर्वीसारखंच नाक वर करून. कापडी लपणातून माणसाचा वास येतच होता. पण त्या वासाला आता दुसरा एक वास चिकटलेला होता, गोड. त्याने अर्धा वळसा घातला आणि आत आला. त्यानंतर वळसा पाव झाला. मग तो उन्हं असतानाच येऊ लागला, नाक खाली घालून, सरळ. तरुणाने लपणाची खिडकी उघडली तरी तो मान वळवीना. उलट तो आवाज झाला की खळग्याकडे पावलं झपझप पडायची.

फोटो अप्रतिम आले. ओंडक्यावर दोन्ही पंजे, छातीवरची पाचर, पिंगट तोंड, आणि दोन्ही डोळ्यांत उजेडाचे दोन ठिपके. त्यात खळगा दिसत नव्हता, डोनट तर नाहीच. जंगलाचा राजा आपल्या राज्यात उभा आहे, असंच कुणालाही वाटलं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने ते फोनच्या पडद्यावर म्हाताऱ्याला दाखवले. म्हाताऱ्याने चष्मा पुसला, एकेक फोटो मोठा करून पाहिला. अर्ध्या कानांचे फोटो जमवण्यात हयात घालवलेल्या माणसाला हेवा वाटला नसेल असं मी म्हणणार नाही. मग त्याने विचारलं, "वारा कुठून होता?"

तरुणाला आठवेना. "लक्षात नाही."

"त्यालाही नसेल," म्हातारा म्हणाला आणि फोन परत केला.

मग बोलणं वाढलं. तरुण म्हणाला, "ऑरजवळ ते व्हिन्स श्यूटचं अभयारण्य आहे. तिथेही अस्वलांना खायला घालतातच की. लोक तिकीट काढून बघायला जातात. तिथे तुम्ही कधी तोंड वाकडं केलेलं ऐकलं नाही."

व्हिन्स श्यूट हा लाकूडतोड्या होता. त्याच्या तळावर अन्नाच्या वासाने अस्वलं घुसायची आणि तिथली रीत अशी, की घुसलं की गोळी. 1940 च्या दशकात कधीतरी त्याला या मारण्याचा वीट आला. ती भुकेली आहेत, दुष्ट नाहीत, असं म्हणून तो त्यांना लांब एका जागी खायला घालू लागला. पुढे त्या जागेचं अभयारण्य झालं आणि एक संस्था ते चालवू लागली. आज उंच मचाणावरून लोक अस्वलं पाहतात.

म्हाताऱ्याने हे नाकारलं नाही. "मला तेही फारसं पटत नाही. पण व्हिन्स तिथे राहत होता. उन्हाळ्यात, सप्टेंबरात, पुढच्या वर्षीही. त्याच्या हातून काही बिघडलं तर त्याच्याच दारात बिघडणार होतं. तू उद्या चाललास."

"माझं भाडं संपलं."

"तेच म्हणतोय."

तरुण गेला. जाताना कापडी लपण गुंडाळून नेलं, खळगा मातीने बुजवला. जागा स्वच्छ केल्याचं त्याला समाधानही वाटलं असणार.

दक्षिणेकडच्या रस्त्याला एक शिकारी राहायचा. त्याला खलनायक करायचा मोह होतो, पण त्याने केलं ते सगळं नियमाने. परवाना होता, आमिषाच्या जागेची नोंद होती, वर्षाचं मांस घरी खाल्लं जायचं. गुडघे गेल्यामुळे झाडावरच्या मचाणावर चढणं त्याने सोडलं होतं आणि जमिनीवरच कापडी लपण ठोकलं होतं. पानांच्या छापाचं, ग्रँड रॅपिड्सच्याच दुकानातलं. समोर खड्ड्यात, ओंडक्यांखाली, काकवी आणि शिळे डोनट.

हंगामाच्या पहिल्याच दिवशी, भर दुपारी, पांढऱ्या पाचरेचा नर आला.

संध्याकाळी नोंदणी करून परतताना शिकारी म्हाताऱ्याच्या दारात गाडी थांबवून उतरला. आनंदात असायला हवा होता. एवढा नर आयुष्यात एखाद्यालाच मिळतो. पण तो बोटांनी दाढी ओढत उभा राहिला. "मला कळत नाही," तो म्हणाला. "असली मोठी धेंडं अंधार पडायच्या बेतात येतात. आधी वाऱ्याखालून चक्कर मारतात, दहा वेळा थांबतात. कितीतरी वर्षांत मला असलं एक धड दिसलेलंसुद्धा नाही. हा साडेतीनला आला. वारा सरळ माझ्या पाठीवरून त्याच्या तोंडावर. मी खिडकीची चेन उघडली, आवाज झाला, तर हा माझ्याच दिशेने चालायला लागला. गोळी घालताना मला कसंतरीच झालं, खरं सांगतो."

म्हातारा गाडीच्या मागच्या बाजूला गेला, डावा कान बोटाने सरळ करून पाहिला आणि काही न बोलता आत गेला.

तरुणाने फोटो एका स्पर्धेला पाठवला. अर्जात विचारलं होतं: जिवंत प्राणी आमिष म्हणून वापरला का? त्याने 'नाही' लिहिलं. डोनट जिवंत नसतो; उत्तर खरंच होतं. फोटोला बक्षीस मिळालं. खाली ओळ होती: 'मुक्त अस्वल, उत्तर मिनेसोटा'. तो अंक शिकाऱ्याच्या मुलीने शाळेतून घरी आणला, तेव्हा तिच्या बापाने आधी पाचर पाहिली, मग कान. मग त्याने पंज्यांखालचा ओंडका पाहिला आणि तो ओंडका कुठला ते ओळखलं. एवढ्या बारक्या गावात ओंडकेसुद्धा ओळखीचे असतात.

त्याने तरुणाचा नंबर शोधून काढला आणि फोन केला. भांडायला नाही. म्हणाला, "तू त्याला माझ्यासाठी तयार केलंस. निम्मं बक्षीस मला दे, नाहीतर निम्मं अस्वल तू घे."

तरुणाने लगेच उत्तर दिलं नाही. बऱ्याच दिवसांनी म्हाताऱ्याला पत्र आलं. पुढच्या उन्हाळ्यात यायचं आहे, फळ्यांच्या लपणात बसू द्याल का, लाकडं दुप्पट फोडून देईन. म्हाताऱ्याने उत्तरात एकच अट घातली: ऑगस्टअखेरीला परत जायचं नाही, सप्टेंबर संपेपर्यंत इथेच राहायचं आणि बंदुकांचे आवाज ऐकायचे. त्या पाकिटात एक कात्रणही होतं.

कात्रण छप्पन नंबरच्या मादीचं. 1981 च्या जुलैत याच मार्सेलच्या परिसरात संशोधकांनी तिला पहिल्यांदा कॉलर घातली, तेव्हा ती सात वर्षांची होती. पुढची बत्तीस वर्षं ते तिच्या मागावर होते. त्या अभ्यासात कॉलर घातलेली अस्वलं साडेतीनशेहून जास्त. त्यांतली बहुतेक शिकाऱ्यांच्या गोळीने, ऐन उमेदीत गेली. छप्पन नंबर तेवीस वर्षांची झाली तरी पिल्लं वाढवत होती आणि तिच्या शेवटच्या पिल्लांच्या वेळी तिचं वय पंचवीस होतं. कॉलरवाली अस्वलं मारू नका, अशी शिकाऱ्यांना विनंती असायची, त्याचा तिला फायदा झाला, नशीबही होतं. पण तिला वर्षानुवर्षं ओळखणारे संशोधक आणखी एक कारण सांगत: ती इतरांपेक्षा माणसाला जास्त बुजायची. शेवटी तिला दिसेना, ऐकू येईना. 2013 च्या ऑगस्टमध्ये ती जंगलात मेलेली सापडली. कुणी मारल्याची खूण नव्हती, म्हातारपणानेच गेली. वय साडे-एकोणचाळीस. तोवर जगात नोंद झालेल्या कुठल्याही रानटी अस्वलाचं एवढं वय नव्हतं.

पांढऱ्या पाचरेच्या नराचं वय कळायला पुढचं वर्ष उजाडलं. शिकार झालेल्या अस्वलाचा एक दात खात्याकडे जातो. त्याचा पातळ काप घेऊन, झाडाच्या बुंध्यातली वलयं मोजावीत तशी त्यातली वलयं मोजतात. शिकाऱ्याला आलेल्या उत्तरात सात वर्षं लिहिलं होतं.

आता आपल्याकडेही पैसे देऊन लपणात बसायची सोय गावोगाव झाली आहे. कुठे पाणवठा, कुठे दाणे, कुठे अळ्या. जरूर जा. बसण्याआधी मालकाला दोन गोष्टी विचारा: इथे खायला काय ठेवता, आणि हंगाम संपला, तुमची गिऱ्हाइकं घरी गेली, की हे प्राणी कुणाच्या दारात जातात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नसेल, तर पैसे परत मागा.